दिराच्या मृत्युपत्रातले माझे वाक्य

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाचे मृत्युपत्र माझ्या अक्षरात आहे, हे तुम्हाला कुणी सांगितले नसेल.

दुसरबीडला त्याचा मंडपाचा धंदा होता. आजार वाढला तेव्हा म्हणाला, "वहिनी, घर तिच्या नावानं लिहा. माह्यामागं तिले कोणी उठवू नये, एवढंच." मी तसे, माझ्या जावेच्या नावाने, लिहिले. पण आधी एक वाक्य माझ्या मनाने घातले: माझी सर्व देणी प्रथम माझ्या मिळकतीतून फेडावीत. त्याशिवाय कागद मला अपुरा वाटला. त्याने साक्षीदारांसमोर सही केली.

पुढच्याच महिन्यात त्याच्या मुलाने कनाती, खुर्च्या, टेम्पो, सगळे बक्षीसपत्राने स्वतःच्या नावावर करून घेतले. बापाकडे घर उरले, आणि त्याच सामानाची उधारी.

आमच्याकडे तेरवीच्या पंगतीआधी मुलगा उभा राहून विचारतो, गेलेल्या माणसाकडे कुणाचे काही निघते का. विचारणाऱ्याने ते अंगावर घ्यायचे असते. पुतण्याने हात जोडून विचारले. मंडपाचे पाइप उधार दिलेले साखरखेर्ड्याचे चाचा संकोचत उठले. "चार लाख आहेत, बेटा. सावकाश दे."

"मी काऊन देऊ, चाचा? कागद वाचा. आधी देणी, मंग घर. घर मायचं हाय."

"अन् ह्या खुर्च्या कोणाच्या बे?" मागून कुणीतरी विचारले.

"त्या बाबानं मले जित्तेपणी देल्या."

लोक हसले. सगळे त्याच खुर्च्यांवर बसले होते.

जावेने पदर पुढे ओढला. "देते," म्हणाली.

घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केलेले बक्षीसपत्र कोर्टात रद्द होऊ शकते, हे मी तिला सांगितले. "पोराले कोर्टात उभं करू, बाई? तुमचं असतं तं केलं असतं?" नंतर वकील म्हणाले, ते वाक्य नसते तरी देणी घरावरच आली असती. हेही मी घाईघाईने तिला सांगायला गेले. त्याची अजून लाज वाटते.

जावेने घर विकले. पुतण्यानेच बायकोच्या नावावर घेतले, चाचांचे फिटतील तेवढ्याच पैशांत. आईला म्हणाला, "राह्य ना मागच्या खोलीत. मी काय भाडं मागून राह्यलो तुले?"

मी तिला माझ्याकडे राहायला बोलावले.

"नको, बाई. पोरगं मले हाकलीन तं तोंडानं हाकलीन. तुमच्यावानी कागदानं नाई."