रानकांद्याला वास नसतो
बांधावर रानकांद्याचा बिनपानांचा दांडा फुललेला दिसला की मला वहिनीचे हात आठवतात. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा, कचेरीतल्या कारकुनाची ही लेक लग्न होऊन आमच्या संग्रामपुरात आली. जो तो तिच्या गोऱ्या हातांचं कौतुक करी. बाबांनी उंदीर मारायला खणून आणलेला विषारी रानकांदा मी तिच्यापुढे ठेवला. "याला कांद्याचा वासच नाही," ती म्हणाली. "इकडला असाच राह्यते वहिनी, चिरा तुम्ही," मी सांगितलं. चिकट रसानं तिचे हात कोपरापर्यंत सुजले. आईनं चिरलेल्या रानकांद्याच्या फोडी पाहिल्या, सगळं ओळखलं आणि म्हणाली, "कारकुनाच्या पोरीले कांदाही चिरता येत नाही." वहिनीनं माझं नाव घेतलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी पाण्याचं फुलपात्र पुढे केलं, तेव्हा तिनं दोन्ही हात पांघरुणाखाली ओढून घेतले.