पहाटे पाचचं पाणी

कामिनी जीवराम पाटील ही आमच्या ऑफिसातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात चिडकी मुलगी. मी तिच्याहून चिडका आहे, पण माझं वय बावन्न, मला ते शोभतं. मी वना, मूळचा धुळ्याचा. वीस वर्षं शेतोशेती ठिबकच्या नळ्या जोडत फिरलो, गुडघे गेले, म्हणून आता जळगावात रोनकशेठच्या कंपनीत बसून शेतकऱ्यांचे फोन घेतो. कामिनीचं टेबल माझ्या समोर. ती चिडली की आधी कीबोर्ड सरकवते, मग खुर्ची, मग मला काहीतरी बोलते.

आमची कंपनी एक पेटी बनवते. विहिरीजवळ मोटरीच्या शेजारी ती लावायची आणि मोबाईलवर वेळ टाकायची. ठरल्या वेळी पेटीने आपणहून मोटर चालू करायची, ठिबकचा व्हॉल्व उघडायचा आणि शेतकऱ्याने घरात निवांत झोपायचं. पेटीच्या आत बॅटरीवर चालणारा छोटासा कॉम्प्युटर आणि त्यातला प्रोग्राम कामिनीचा. मेअखेरपर्यंत ती बारा शेतांत नीट चालली तर रोनकशेठ आणखी पेट्या काढणार होता, नाहीतर काम बंद. बंद म्हणजे कामिनी पुण्याला. तिच्या वर्गातले सगळे तिकडेच आहेत, पण तिला जायचं नव्हतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, धरणगावजवळच्या गावात वडील, जीवरामआबा, एकटे. दर शनिवारी बसने घरी जाता येतं, एवढ्यासाठी ती जळगावात कमी पगारावर टिकून होती, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बारा शेतंही तिने त्याच गावातली निवडली होती, ओळखीची माणसं म्हणून.

आता तिच्या डोक्याला झालेला ताप सांगतो. मला जेवढा कळला तेवढाच सांगतो.

प्रोग्राम पेटीत नुसता टाकता येत नाही. त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरून तो डबा पाठवायचा असतो. त्याला ही मंडळी कंटेनर म्हणतात आणि भरलेल्या डब्याला इमेज. कामिनीची पहिली इमेज जवळजवळ एक जीबीची. गावातल्या नेटवर्कवर ती निम्मी उतरायची आणि तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. रोनकशेठ म्हणाला, हलकी कर. त्याचे आजोबा डाळमिलवाले, पोत्यातला खडा नजरेने ओळखणारे. नातवाला इमेजमधला प्रत्येक खडा दिसायला लागला. तेव्हा कामिनीने बाजारातली सगळ्यात हलकी इमेज घेतली, जिच्यात जवळपास काहीच नसतं, आणि तिच्यावर आपला प्रोग्राम चढवायला बसली.

पहिल्या दिवशी तो तयारच होईना. प्रोग्राममधल्या एका आयत्या भागाला जुळणीसाठी कंपायलर नावाचं अवजार पाहिजे होतं आणि हलक्या इमेजमध्ये ते कुठलं? तिने ते घातलं तर इमेज पुन्हा फुगली. मग मोठ्या इमेजमध्ये प्रोग्राम तयार करायचा आणि तयार फाईल तेवढी हलक्या इमेजमध्ये न्यायची, असं तिने केलं. तेव्हा तो चालेना. स्क्रीनवर एकच ओळ, फाईल सापडत नाही. फाईल तिथेच होती. कामिनी मला बोलावून दाखवायची, वनाभाऊ, ही काय आहे मग? मी म्हणायचो, फाईल आहे. तीन दिवस आम्ही दोघं त्या फाईलकडे बघत होतो आणि कॉम्प्युटर नाही म्हणत होता. शेवटी निघालं काय, तर गायब होती दुसरीच फाईल, प्रोग्रामला सुरू व्हायला लागणारी, आणि हा गाढव नाव सांगत होता हिचं. मला त्या दिवशी खरोखर राग आला. माणूस असता तर कानाखाली वाजवली असती.

एवढं सुधारल्यावर रोनकशेठने आणखी हलकी मागितली. मग तिने आत बसून आज्ञा द्यायची सोयही काढून टाकली. इमेज पन्नास एमबीच्या आत आली, गावात दहा मिनिटांत उतरली, शेठने पेढे वाटले. कामिनीने पेढा टेबलावरच ठेवला. म्हणाली, आता आत काही बिघडलं तर मला डोकावून बघताही येणार नाही. मी म्हटलं, बिघडणार कशाला, पेढा खा.

त्या वेळी गावात शेतीची वीज पहाटे चार ते दहा होती. बाराही जणांनी मोबाईलवर पहाटे पाच ही वेळ टाकली. पूर्वहंगामी कापूस नुकताच उगवलेला, ऊन चव्वेचाळीसचं, पहाटेचं पाणी चुकलं की कोंब मान टाकणार. पेटी दिवसातून एकदा अहवाल पाठवायची आणि बाराही अहवाल एकच सांगायचे, पाच वाजता मोटरीला सिग्नल दिला, व्हॉल्व उघडला. मी रोज बाराही जणांना फोन करायचो. अकरा जण म्हणायचे, बरोबर शे, पानी मस्त येस. जीवरामआबा तर वर पोरीचं कौतुक करायचे. एकटा चुडामण म्हणायचा, पाणी आलं नाही.

चुडामण आणि जीवरामआबा यांचा बांधावरून जुना वाद. त्यामुळे मला वाटलं, हा मुद्दाम खोट काढतोय. तरी कामिनीने त्याचा व्हॉल्व बदलायला माणूस पाठवला, मग वायर बदलायला, मग अख्खी पेटीच. पाणी येईना. त्याच्या कापसाच्या तीन ओळी करपल्या, तेव्हापासून तो स्वतः मोटर चालू करायला लागला आणि रोज फोनवर ठणकावून सांगायचा, आजही पेटीने दिलं नाही, मी दिलं. रोनकशेठ म्हणाला, एका खोटारड्यापायी किती माणसं पाठवायची? गावातही हेच झालं. पाटलाच्या पोरीवर जळतो म्हणून लोक त्याला दूध डेअरीवर टोचून बोलायला लागले.

कामिनीची अवस्था वाईट होती. अकरा ठिकाणी चालतो तो प्रोग्राम बाराव्या ठिकाणी का चालत नाही, याला उत्तर नव्हतं. बाहेरून पेटीचं घड्याळ बघितलं तर अगदी बरोबर. आत डोकवायची सोय तिनेच काढलेली. चुडामणची पेटी आणि आबांची पेटी यांतल्या प्रोग्रामच्या ओळीन्‌ओळी ती शेजारी शेजारी लावून वाचायची आणि फरक शून्य. आठव्या दिवशी तिने खुर्ची सरकवली आणि मला म्हणाली, त्याने फोनवर सांगितलेलं सगळं मला दाखवा, तुम्ही गाळलेलंसुद्धा.

मी गाळलं होतं, हे खरं आहे. आदल्या दिवशी चुडामण म्हणाला होता, "मी घड्याय लिसन बठेल व्हतू. तुमनी पेटी साडेदहाले कट करस. लाईट तं दहालेच चालनी जास." मी वहीत लिहिलं होतं, पेटी साडेदहाला खट्ट वाजते म्हणतो, वीज तर दहालाच जाते, शेतकरी गोंधळलेला आहे.

कामिनीने ते वाचलं आणि डोकं धरून बसली. पाच आणि साडेदहा यांत साडेपाच तासांचा फरक, म्हणाली, आणि हा आकडा या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. भारताची वेळ जगाच्या मूळ वेळेपेक्षा तेवढीच पुढे आहे. कुठल्या देशात किती वाजले हे सांगणारी यादी नेहमीच्या इमेजमध्ये असते, या हलकीत नव्हती. प्रोग्रामने यादी शोधली, मिळाली नाही, आणि चकार शब्द न काढता मूळ वेळ धरली. आपले साडेदहा वाजले की त्याचे पाच वाजायचे, मग तो वीज नसलेल्या मोटरीला सिग्नल द्यायचा, व्हॉल्व उघडायचा आणि अहवालात पाच लिहायचा. निदान ओरडायचं तरी ना मेल्या.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती टाकून नवी इमेज पाठवायला तिला वीस मिनिटं लागली. मी हुश्श केलं, पण ती जागची हलली नाही.

ती म्हणाली, इमेज बाराही ठिकाणी एकच होती. मग अकरा जणांकडे पाणी कसं येत होतं?

तिने गाडीची किल्ली उचलली, मी मागे बसलो आणि पाचच्या उन्हात आम्ही धरणगावचा रस्ता धरला.

गावात पोचलो तेव्हा डेअरीवर संध्याकाळचं दूध घालायला रांग लागली होती. जीवरामआबा किटली घेऊन रांगेत, त्यांच्यामागे पाच-सात ओळखीचे, आणि चुडामण सगळ्यांपासून लांब, एकटा. आबांना पोरगी अवचित दिसली, ते हसले. कामिनी हसली नाही. तिने सगळ्यांसमोर सरळ विचारलं की पेटी साडेदहाला व्हॉल्व उघडत होती, तर तुमच्या शेतात पहाटे पाणी कसं आलं.

आबांनी किटली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "मी रोज पाह्यटे जाईसन व्हॉल्व हातवरी फिरावत व्हतू. मनी पोरनं नाव खराब नको व्हवाले म्हनीसन."

आणि मग रांगेतून एकेक जण बोलायला लागला. मी बी. मी बी. एकाने तर चार दिवस बायकोला पाठवलं होतं. गावची पोर, आई गेलेली, पेटी चालली नाही तर पुण्याला जाईल, आपल्याला काय, पहाटे उठून मोटर चालू करायची सवयच आहे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपलीच एक पेटी बिघडली असेल, कशाला बोभाटा करा.

मला रडावं की ओरडावं कळेना. आठ दिवस पोरगी त्या पन्नास एमबीत जीव आटवत होती, आणि खोट लपवणारे ते हात होते माया करणाऱ्या माणसांचे.

कामिनी आधी चुडामणकडे गेली. वाकून पाया पडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाना, तुम्ही एकलाच खरं सांगत व्हतात. नि आम्ही तुम्हलेच खोटं पाडं." चुडामणने मान हलवली. आबांकडे मात्र त्याने बघितलं नाही.

मग तिने तिथेच, डेअरीच्या पायरीवर बसून, मोबाईलवर रोनकशेठला अहवाल लिहिला. बारापैकी बारा ठिकाणी नापास. मी म्हटलं, दुरुस्त झालंय आता, थोडं जपून लिही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आहे तसाच पाठवला. पाठवून झाल्यावर ती नावं लिहून घ्यायला रांगेपाशी आली, कोणी किती दिवस हाताने पाणी दिलं ते.

आबांनी किटली खाली ठेवली. "मंग आते तुले पुनाले जानं पडी का?" त्यांनी विचारलं.

"पडी तं पडी, आबा," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, किती दिन?"

"पहिला दिनपासून," आबा म्हणाले.

तिने ते लिहून घेतलं.