पॉलिशखालची रेघ

जानेवारीतल्या एका शनिवारी विनायकचा फोन आला. "उद्या मढला येतोस? एकट्याला जायचं नाही." एरवी हा माणूस भाजीलाही एकटाच जातो आणि परत येऊन भाजीच्या दराबद्दल कुरकुरतो. मी काही विचारलं नाही, पिशवीत स्वेटर टाकला.

कारण ठाऊक होतं. त्याची बायको सुमन मागच्या वर्षी गेली आणि आता मुलीचं, प्राजक्ताचं, लग्न ठरलंय. सुमनच्या माहेरी, मढच्या बाजूला, एक रीत आहे. लेक सासरी जाताना तिला वीतभर लाकडी पेटी द्यायची, गेरूने रंगवलेली, वर घरच्या शेतातल्या नव्या तांदळाच्या पिठाची नक्षी. नक्षी आईने काढायची, आई नसेल तर मावशीने. सुमनने आजारपणातच पेटीच्या झाकणावर पेन्सिलीने दाबून आखणी केली होती, पातळ गेरूतूनही दिसावी अशी. मधे तुळस, भोवती वेल, कोपऱ्यांत मोर. रंग राहून गेला.

पुण्याहून उजाडायच्या आत निघा, नाहीतर चाकणला ट्रकांच्या पाठी वाचत बसावं लागतं. मंचरला मिसळ खाल्ली; दोघांचं दोनशेच्या आत भागतं, तर्री मात्र जपून मागा. तिथून डावीकडे घोडेगाव. बिजागरी ढिली झाल्यामुळे पेटी तिथल्या सुताराकडे होती. त्याने फडक्यातून काढली तर आरशासारखी चमकत होती.

"पॉलिश मीच सांगितलं," विनायक म्हणाला. "तिची पेन्सिल आता जन्मभर पुसली जायची नाही."

"मंजूषा शोभते," मी म्हणालो.

"पेटी म्हण. तुझं संस्कृत गाडीतच ठेव."

घोडेगाव ते जुन्नर रस्ता अरुंद पण बरा आहे. जुन्नरला शिवनेरी डाव्या हाताला धुक्यात अर्धाच दिसला. ओतूरला पेट्रोल आणि एटीएम, दोन्ही उरकून घ्या. पुढे धरणाचं पाणी आणि डोंगर यांच्याशिवाय फारसं काही मिळत नाही. थंडी मात्र मिळते.

मढच्या अलीकडे एका वाडीत सुमनची थोरली बहीण राहते, भागाक्का. ओसरीवर गेरू कालवून आणि पीठ वाटून ती आमची वाटच पाहत होती. तिने पेटी मांडीवर घेतली, बोटाने एकेक रेघ चाचपली.

"ह्यो मोर न्हाई, कोंबडी हाय. ल्हानपणापास्नं तिला मोर जमलाच न्हाई."

विनायक हसला. खूप दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं.

मग तिने गेरूचं पहिलं बोट कडेला ओढलं. अळवाच्या पानावर पाणी पळावं तसा गेरू थेंब थेंब होऊन घसरला. तिने पुसून पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"पावणं, ह्याला काय लावलंय?"

"पॉलिश."

"मंग न्हाई धरायचं. घासावं लागंल."

"घासलं तर पेन्सिल जाईल, आक्का."

"जाईल की."

शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे असल्याने मी म्हणालो, "ओतूरहून ऑइल पेंट आणतो."

"भाऊ, रंगाला काय तोटा हाय? पोरीसंगं आमच्या शेतातला तांदूळ जायचा व्हता. तुमच्या डब्यातला रंग कुठल्या शेताचा?"

मी चहाचा कप उचलला. आक्काच मग हळू आवाजात म्हणाली, "न्हाई जमत तर ऱ्हाऊ द्या, पावणं. ही तुमी ठेवा. पोरीला मी दुसरी करते."

विनायक पेटी घेऊन अंगणात उभा राहिला. त्याने फोटो काढले, बरेच. मी मागून पाहिलं. चकाकीमुळे प्रत्येक फोटोत तुळशीच्या जागी त्याचंच डोकं येत होतं. शेवटी त्याने फोन खिशात टाकला.

"सुमनने ही प्राजक्तासाठी आखली होती," तो म्हणाला. "माझ्यासाठी नाही. काचपेपर आहे का घरात?"

आक्काने मदतीला हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. एकट्याने घासलं. आधी वेल गेली, मग तुळस, सगळ्यांत शेवटी त्या कोंबड्या. आक्काने पदराने भुसा झटकला आणि तोंड फिरवून गेरूचं भांडं ढवळत बसली, ते ढवळायची काही गरज नव्हती.

आता गेरू धरला. त्यावर तिने नक्षी काढली ती वेगळीच. भाताची कणसं, चंद्र, सूर्य.

"तिच्यासारखी नाही का येणार?" विनायकने विचारलं.

"ती तिची व्हती. मला माझीच येती."

पेटी उन्हात वाळेपर्यंत आम्ही बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी आणि ठेचा जेवलो. पैशांचं नाव काढू नका, रागावतात. जाताना केळी न्या. परतीला पेटी माझ्या मांडीवर होती आणि विनायक प्रत्येक गतिरोधकाला गाडी जवळजवळ थांबवत होता. मागचे लोक हॉर्नवर हॉर्न देत होते.

घरी प्राजक्ताने झाकणावरून हात फिरवला. बोटांना पांढरं पीठ लागलं तशी ती दचकली.

"बाबा, हे निघतंय! काचेच्या कपाटात ठेवू का?"

विनायकने तिच्या बोटांकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "रोज उघड."