कुलूपसाहेबांचा रविवार

खासदारांचं खरं नाव मतपत्रिकेवर असायचं तेवढंच. एरवी सगळं शहर त्यांना कुलूपसाहेब म्हणायचं, आणि तेही तोंडावर. कारण त्यांचा कायदा. औषधं आणि दूध सोडून रविवारी एकही दुकान उघडायचं नाही, हा कायदा त्यांनी तरुणपणी भांडभांडून करून घेतला होता. माणसानं आठवड्यातून एक दिवस घरच्यांबरोबर जेवावं, एवढीच त्यामागची साधी गोष्ट. पण रविवारी ज्याची चप्पल तुटे, बल्ब उडे किंवा पाहुणे टपकत, तो पहिली शिवी साहेबांना हासडायचा. साहेब हसायचे. "शिव्या देतोय म्हणजे घरी बसलाय," म्हणायचे.

माणूस जुन्या वळणाचा, पक्षही तसाच. चालतंय ते मोडू नका, हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान. संसदेत लाकडी खुर्च्या जाऊन गुबगुबीत खुर्च्या आल्या, तेव्हा ते विरोधात बोलले होते. पुढे त्याच खुर्चीत ते टोकावर बसायचे, पाठ म्हणून टेकायचे नाहीत. हट्टी खरे, पण हात स्वच्छ. कुणी फळांची टोपली पाठवली तरी आल्या पावली परत जायची. ज्यात आपला फायदा, त्यावर मत द्यायचं नाही, हा नियम तर त्यांनी इतका धरला होता, की बसगाड्यांच्या धंद्यातल्या आपल्याच पक्षमित्राला त्यांनी बसभाड्याच्या मतदानातून उठवून बाहेर बसवलं होतं. तो मित्र त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलला नाही.

रविवारचा हा ध्यास कुठून आला, तर त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. सातही दिवस उघडं. जेवायची वेळ झाली की आई लेकाला निरोप घेऊन धाडायची, आणि लेक जाऊन गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहायचा. त्याची पाळी आली की वडील मान वर न करता विचारायचे, "काय देऊ?" मग बघायचे. गिऱ्हाइकं खो खो हसायची. त्याला काही हसू यायचं नाही.

आता यातली मेख ऐका. लोक घरी सापडतात ते रविवारी, म्हणून साहेबांच्या सभाही रविवारी. सगळ्यांनी एकत्र जेवा, हे सांगायला साहेब गावोगाव हिंडायचे आणि इकडे त्यांची बायको नि मुलगी दोघीच जेवायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बायको एका शब्दानं बोलली नाही. रात्री ताट झाकून ठेवायची, बस. ती गेली, आणि ताट झाकणारं कुणी उरलं नाही, तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. तोवर सभा कमी झाल्या होत्या आणि घर फार मोठं वाटायला लागलं होतं. दोनच खोल्या, तरीही.

आठवडाभर फोन वाजायचा तो कामाचा. रविवारी मात्र दुपारी मुलगी यायची. तिचं नि जावयाचं बाजारात चिंचोळं दुकान होतं. बटणं, झिपा, लेस, दोरे. ती स्वतःच चहा टाकायची, कुठल्या बाईनं एका झिपेसाठी सगळे डबे कसे उतरवायला लावले ते हातवारे करून सांगायची. साहेबांना झिपांतलं काही कळत नसे. ऐकत बसायचे. सोमवारपासून ते पुढच्या रविवारची वाट बघायचे, आणि हे त्यांनी तिला कधीही सांगितलं नाही.

मग त्यांच्याच पक्षानं तो कायदा रद्द करायचा ठराव आणला.

"बाबा, या वेळी आड येऊ नका," मुलगी म्हणाली. "मोठ्या दुकानांचं सगळं फोनवर चालतं, रविवारीसुद्धा. कुलूप लावून बसतो ते आम्हीच."

"अगं, पण माणसानं एक दिवस तरी घरी..."

"तुम्ही कधी होतात रविवारी घरी?"

बोलून गेली आणि कप विसळायला उठली. कप स्वच्छच होता, तरी बराच वेळ विसळत राहिली. साहेबांना राग आला नाही. खरं बोलणाऱ्यावर रागवायचं कसं?

ती गेल्यावर ते भाषण लिहायला बसले. जुने मुद्दे तोंडपाठ होते. कुटुंब, विसावा, मुलांचं बालपण. पण कुठलाही मुद्दा घ्या, शेवटी डोळ्यांसमोर यायची ती आपल्याच ओट्यापाशी चहा गाळणारी लेक. कायदा गेला की तिचं येणं जाणार, हीच खरी धास्ती होती. मग या कायद्यासाठी आपण भांडतोय ते लोकांसाठी, की स्वतःसाठी?

मतदानाच्या दिवशी ते उभे राहिले. सगळ्यांनी मोठं भाषण ऐकायची तयारी ठेवली होती.

"अध्यक्ष महाराज, माझा यात स्वार्थ आहे. माझ्या मुलीचं दुकान आहे. कायदा गेला तर तिचा फायदा, राहिला तर माझा. ती मला भेटायला फक्त रविवारी येते. कुठलंही मत दिलं तरी ते घरचंच होणार."

सभागृह हसलं. अध्यक्षांनाही हसू आवरेना. "माननीय सदस्य, भेटीगाठी नियमात बसत नाहीत. आपण खुशाल मत द्या."

"नियमात नसेल बसत. मला तर माहीत आहे ना?" असं म्हणून साहेब बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. हे जुनं लाकडी बाक काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. पूर्वी तो बसवाला मित्र इथेच बसला होता. मतदानाची घंटा त्यांनी तिथूनच ऐकली.

कायदा गेला. साहेब आत असते तरी गेलाच असता. जुने सोबती म्हणाले, आयत्या वेळी म्हाताऱ्यानं शेपूट घातली. वर्तमानपत्रांनी विनोद केले. संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, माझ्यासाठी केलंत ना?"

काय सांगणार? हो म्हणणं खोटं, नाही म्हणणं जिवावर आलेलं. "जेवलीस का?" साहेबांनी विचारलं.

पहिल्या उघड्या रविवारी बाजार नुसता फुलला होता. साहेबांनी दुपारपर्यंत दाराकडे कान लावला, मग कोट चढवला. उभ्या जन्मात रविवारी ते खरेदीला गेले नव्हते. दुकानापुढे रांग होती. ते रांगेत उभे राहिले.

पाळी आली. मुलगी खाली मान घालून हूक मोजत होती. "काय देऊ?"

साहेबांनी तिच्या मागच्या डब्यांकडे पाहिलं. म्हणाले, "बटण."

तिनं वर पाहिलं. "अय्या, बाबा! तुम्ही कशाला आलात रांगेत?" काउंटरवरून वाकून तिनं त्यांच्या कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत चाचपली. "सगळी तर आहेत."

"असावं एखादं जास्तीचं."

"येते हं मी घरी, जरा सवड झाली की."

"आजोबा, आटपा ना," मागून एक बाई म्हणाली.

मुलीनं बटण कागदात गुंडाळून दिलं. साहेब बाजूला झाले, पायरी उतरले. जेवलीस का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी पुडी खिशात घातली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.