दहा वेळा लिहा

सोसायटीच्या फलकावर टाकी धुण्याची इंग्रजी सूचना लागली होती. खाली देसाई सरांची सही. दुसरं वाक्य चक्क ‘बट’ने सुरू झालेलं.

शाळेत हेच सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू केलं की लाल वर्तुळ, आणि ते दहा वेळा सुधारून लिहायचं. पुढे चांगल्या चांगल्या पुस्तकांत तशी वाक्यं सर्रास भेटली, तेव्हा माझी बोटं उगीचच दुखली होती हे कळलं.

राग इतकी वर्षं टिकतो, हे पर्समधून लाल पेन काढेपर्यंत मला माहीत नव्हतं. ‘बट’भोवती वर्तुळ काढून मी लिहिलं, ‘दहा वेळा लिहा.’

संध्याकाळी सूचनेखाली सरांच्या थरथरत्या अक्षरात सुधारलेलं वाक्य दहा वेळा लिहिलेलं होतं. मी दहाही तपासली. सातव्यात पूर्णविराम राहिला होता. तिथेही वर्तुळ काढलं.