अंगठा माझाच होता

आमच्या भागातले एक वकील पुढे मंत्री झाले. लोक त्यांच्या गाड्यांचे किस्से सांगतात. मला ते वसमतच्या कोर्टाबाहेर लिंबाखालच्या बाकड्यावर बसलेले आठवतात. माझं शेत त्यांच्यामुळे वाचलं.

नवरा वारला, त्याच्या तेराव्याला थोरल्या दिरांनी कागद पुढे केला. "वारसाची नोंद हाय, अंगठा लाव," म्हणाले. मी चौथी शिकलेली, सही येत होती. पण थोरल्या दिरासमोर घरातल्या बाईनं पेन धरलं की माणसं म्हणायची, लई शहाणी झाली. कागद वाचणं तर लांबच. पदर ओढून अंगठा लावला. कागद हक्क सोडल्याचा निघाला. तीन एकर गेले.

वकिलांकडे जाताना शेजारी सोबत होता. तो म्हणाला, "काकू, अंगठा माझा न्हाईच, असं सांगा. मोकळ्या व्हाल."

वकिलांनी मलाच विचारलं, "मावशी, अंगठा कोणाचा हाय?"

"माझाच."

"मग तसंच सांगायचं. काहून दिला, तेबी सांगायचं."

मला राग आला. असला सरळ वकील काय कामाचा!

कोर्टात दिरांच्या वकिलानं गाठलं. "सही येते, वाचता येतं, तरी अंगठा दिला. म्हणजे राजीखुशीनं दिला ना?"

मी म्हणाले, "साहेब, तुमच्या घरची सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसती का? मग मी दिरासमोर पेन कसं धरू? थोरल्यांनी नोंद म्हणलं, मी नोंद समजले."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. मला कागद वाचून दाखवला नव्हता, हे पुढे कागदावरच्या साक्षीदारानंही कबूल केलं. शेत परत मिळालं.

मध्यंतरी मंत्रीसाहेब औंढ्याला आले, तेव्हा मी गर्दीत घुसून त्यांना भेटले. त्यांनी ओळखलं नाही. हजारो माणसं भेटतात, काय म्हणून ओळखावं? मी शेताचं सांगितलं.

"काई काम हाय का, मावशी?"

"न्हाई. गावचा रस्ता तुमी केला न्हाई, म्हणून मागच्या खेपेला तुमाला मत दिलं न्हाई. पण शेतात हळद उभी हाय, तुमचे उपकार हाईत. दोन्ही सांगायला आले."

ते खळखळून हसले आणि वाकून पाया पडले.

खोटं बोलूनही शेत मिळालं असतं कदाचित. पण शेताची वाट दिरांच्या दारावरूनच जाते. रोज जाते मी. नजर तेच चुकवतात.