शिशाच्या खोलीतली हाक

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्याला भोंगा म्हणत, तेही तोंडावर. आवाजच तसा होता बाबाचा!

भल्यामोठ्या गोल नळीतून इलेक्ट्रॉन भन्नाट पळवायचे, वळताना त्यांच्यातून निघणारे क्ष-किरण कडेच्या शिशाच्या खोल्यांत सोडायचे आणि त्यात कोणी औषध तपासायचं, कोणी गंज, असा तिथला उद्योग. किरण सोडण्याआधी खोलीत चुकून माणूस राहिला नाही ना, हे बघणं भोंग्याचं काम. तिथवर पाहिल्याची खूण म्हणून कोपऱ्याकोपऱ्यातली बटणं दाबत, टेबलाखाली वाकत तो ओरडायचा, "आत कोणी आहे का?" मग कान देऊन थांबायचा. यंत्रांच्या अडगळीत सगळं दिसतं थोडंच! उत्तर नाही आलं की दार बंद.

आणि नेमके त्याचे कानच दगा द्यायला लागले होते. घरी बायको हाका मारून मारून दमायची. "अहो, डॉक्टरकडे चला ना!" "तुझाच आवाज बसलाय," म्हणून तो उडवून लावायचा, पण मनातून पार टरकलेला. कान गेल्याचं कळलं की नोकरी गेलीच. या वयात त्याला दारात तरी कोण उभं करणार?

त्या सकाळी गंज तपासणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रयोगाची वेळ होती. भोंग्याने खोली फिरून पाहिली, हाक दिली, थांबला, दार लावलं. वळून बघतो तर बाहेर तिचं जाकीट खुर्चीवर आणि ती गायब.

"पोरगी कुठंय?"

"इथेच होती की," तिचे सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले आणि त्यांनी किरणांची झडप उघडली.

आतून 'ओ' आली असेल तर? आपल्याला ऐकूच आलं नसेल तर? देवा रे! भोंग्याने लाल बटणावर मूठच आपटली.

अख्ख्या इमारतीतले किरण बंद. खोल्याखोल्यांतून माणसं चिडून बाहेर आली. भोंगा आत धावला, यंत्रांमागे रांगत शिरला. आत चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात ती पोरगी ओले हात पुसत बाथरूमकडून आली.

"खोली तुम्हीच तपासली होती ना?" सर भडकले. "मग हा काय तमाशा?"

शिफ्टप्रमुख बाई मध्ये पडल्या. "शंका आली, बटण दाबलं. नियमच आहे तो. जा हो तुम्ही, पुढची खोली बघा."

सुटलाच की गडी! तो पुढच्या खोलीच्या दारापर्यंत गेलासुद्धा. आत कोणाची तरी शिडी लावलेली होती. त्याने तोंड उघडलं, पण हाक काही फुटेना. तो माघारी आला.

"बाई, मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले. हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

बाई हळूच काहीतरी म्हणाल्या.

एरवी तो ऐकू आल्यासारखी नुसती मान हलवायचा. आज चारचौघांत त्याने कानामागे हात धरला. "काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला."